पाच हातांचे चाक

मी एक जुने लोखंडी चाक आहे. चाक म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गाडी येते, पण मी कुठल्याच गाडीचे नाही. इतकी वर्षे फिरले, पण जागच्या जागी. मोठ्या नळावर जो व्हॉल्व्ह असतो ना, त्याच्या डोक्यावर मला बसवतात. एकीकडे फिरवले की पाणी सुरू, दुसरीकडे फिरवले की बंद. एवढेच माझे काम. आकाराने मी सायकलच्या चाकाएवढे, वजनाने मात्र एकट्याची कंबर मोडेल असे. सध्या एका विहिरीच्या झाकणावर पालथे पडलेले असते. तिथे कसे आले ते सांगते. गोष्ट गोड नाही, मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तुटके तवे, मोडकी कुलपे, शिवणयंत्राचे पाय असे काय काय भट्टीत वितळवून वाळूच्या साच्यात ओतले आणि त्यातून मी निघाले. म्हाताऱ्या ओताऱ्याने मला हातोडीने ठोकून आवाज ऐकला. "छान आलंय," तो म्हणाला. "आता कोणाच्या हाती पडतंय ते याचं नशीब."

त्याची बायको बाजूला वाळू चाळत होती. ती म्हणाली, "याचं कसलं नशीब? हे काय स्वतः फिरणार आहे?"

तिचे ते बोलणे मला तेव्हा अपमानाचे वाटले होते.

माझी पहिली नोकरी बंबखान्यात. आगीचे बंब जिथून पाणी भरून घेत, त्या टाकीच्या नळावर मी होते. मला नियमित पुसत, तेल घालत, वर्षाकाठी लाल रंगाचा हात देत. एकदा लाकडाच्या वखारीला आग लागली. धावपळीत मला उघडले ते बंबाच्या ड्रायव्हरने. तो डावखुरा होता आणि त्याच्या तळव्याला घाम सुटला होता. हे मला पक्के ठाऊक आहे, कारण तो तळवा माझ्यावर होता. आग विझली, वखारीमागची घरे वाचली, आणि मग जो भेटेल तो सांगू लागला, "व्हॉल्व्ह मी उघडला." शिपाई सांगे, साहेब सांगे. साहेबांचा मेहुणा त्या दिवशी गावात नव्हता, तोही सांगे. सत्कार झाले. एक हार माझ्याही गळ्यात पडला. मला वाटले, माणसे किती चांगली असतात, जो तो काम आपल्या अंगावर घ्यायला धडपडतो. मी तरुण होते, मित्रांनो.

पुढे बंबखान्यात विजेचा पंप आला आणि मी भंगारात गेले. भंगारवाल्याच्या अंगणात ऊनपाऊस खात पडले असताना एका माणसाने मला बोटाने वाजवून पाहिले. चष्म्याची काच शर्टाच्या टोकाला पुसत तो हळू आवाजात म्हणाला, "चालेल." हा कापड रंगवण्याच्या कारखान्याचा मुकादम. या माणसाने आवाज चढवलेला मी आयुष्यात ऐकला नाही. वाईट कामाला ओरडावे लागते, असे ज्यांना वाटते त्यांनी त्याला पाहायला हवे होते.

कारखान्याच्या मागच्या भिंतीशी दोन नळ होते. एक गाळटाकीकडे जाई. रंगाचे पाणी तिथे थांबवायचे, त्यात औषध टाकायचे, निवळले की मगच बाहेर सोडायचे, असा नियम होता. नियम चांगला होता, पण त्याला वेळ लागे. दुसरा नळ भिंतीतून थेट ओढ्यात उतरत असे. तो म्हणे अडीअडचणीसाठी होता. मला त्या अडीअडचणीवर बसवले.

माझ्याजवळ सावली असे, म्हणून कामगार दुपारचे डबे तिथेच सोडत आणि पिशव्या माझ्यावर अडकवत. त्यामुळे माझी सगळ्यांशी ओळख झाली. कापड वाळत घालणारा लांब्या. बॉयलर सांभाळणारी आक्का. रंगाची पूड तोलणारा पंडित; याने कॉलेजात तत्त्वज्ञान घेतले होते आणि ते अर्ध्यात सोडले होते, म्हणून हे नाव. आणि रंगमास्तर. कुठल्या कापडाला कुठला रंग किती वेळात बसेल, हे तो ठरवी. शांत, पापभीरू माणूस. पापभीरू माणसे पापाला भितात एवढेच, हे मला पुढे कळले.

या रंगमास्तरला एक मोठी बहीण. सगळे तिला ताईच म्हणत. ओढा जिथे वळतो तिथे, कारखान्याच्या खालच्या अंगाला तिची रोपवाटिका होती. आईबाप लवकर गेले. रोपे विकून तिनेच या भावाला वाढवले. लहानपणी तिच्या फुलांच्या पाकळ्या दगडावर चुरून हा भिंती रंगवत असे आणि ती मारायच्या ऐवजी हसत असे, असे तो सांगायचा. दुपारी खायची त्याला शुद्ध नसे, म्हणून अधूनमधून ती स्वतः डबा घेऊन येई आणि तो संपेपर्यंत समोर बसून राही. ओढ्याच्या काठाला तिने एक विहीर खणून घेतली होती. रोपांना तेच पाणी, प्यायला तेच.

सुरुवातीला मी नुसतेच होते. मग एक मोठी ऑर्डर आली. नवा रंग चढवायला हौद रिकामा हवा आणि गाळटाकी तर तुडुंब. मुकादमाने रंगमास्तरला बोलावले आणि माझ्याकडे बोट दाखवले. रंगमास्तरने मला धरले आणि लगेच सोडले.

"माझ्याच्याने नाही व्हायचं," तो म्हणाला. "खाली ताईचं पाणी आहे."

मुकादमाने लांब्याकडे पाहिले. लांब्या म्हणाला, "मास्तरच्या ताईचं पाणी मी कशाला नासवू? पाप माझ्या माथी."

मित्रांनो, गोष्ट इथेच संपू शकली असती. दोघे नाही म्हणाले होते आणि दोघांचेही म्हणणे सरळ होते. पण मुकादमाने चष्मा पुसला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. कोणा एकावर हे टाकणं मलाही पटत नाही. असं करू. सगळे मिळून एकेक हात लावू. मी पण लावतो. म्हणजे अमक्याने उघडलं, असं व्हायचंच नाही."

सगळ्यांचे चेहरे सैल पडले. आक्का आली, पंडित आला. पाच हात माझ्यावर पडले आणि मी फिरले. ओढा त्या दिवशी गुलाबी वाहिला. दिसायला फार सुंदर दिसत होता, तीच तर पंचाईत.

त्यानंतर ती रीतच पडली. जवळच्या प्रार्थनाघराची घंटा झाली की ओढ्याकाठची माणसे तिकडे जात, काठावर चिटपाखरू नसे. तेवढ्यात उरकायचे. रीतीला नियमही आले. हात डावाच लावायचा, कारण उजव्याने जेवायचे असते. पाचही जण हजर असल्याशिवाय मला शिवायचे नाही. आक्का आजारी पडली तेव्हा ती बरी होईपर्यंत हौद तसाच थांबला. आणि काम झाले की कोणी कोणाकडे बघायचे नाही. देवळाबाहेर चपला काढाव्यात तितक्या नेमाने हे चाले. कोणी विचारलेच तर प्रत्येक जण म्हणे, "मी नुसता हात ठेवला होता." आणि गंमत अशी की प्रत्येकाला ते खरे वाटे. मला विचारा. नुसता ठेवलेला हात आणि रेटणारा हात यांतला फरक माझ्याइतका कोणाला कळणार? नुसता ठेवलेला हात मला एकही आठवत नाही. बंबखान्यात एका हाताचे काम गावभर वाटून घेतले होते. इथे पाचांनी केलेले काम कोणाचेच नव्हते.

माणसे बिनडोक नव्हती, त्यांना खुपत होते. म्हणून तर जेवताना विषय फिरून फिरून तिथेच येई.

"आपण कोण लागून गेलो?" लांब्या म्हणे. "ज्याने पृथ्वी केली तो बघायला बसलाय. आपल्या एका हौदाने त्याचं काय बिघडणार? असं म्हणणं हाच मुळात गर्व आहे."

पंडित घास थांबवून म्हणे, "तसं नाही ते. खरं म्हणजे आपण काही करतच नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून ऑर्डर आहे, ऑर्डर आहे म्हणून हौद आहे, हौद आहे म्हणून हे चाक आहे. कारणामागे कारण. त्यात 'मी' आला कुठून?"

"पगाराच्या दिवशी बरा येतो तुझा 'मी'," आक्का म्हणाली.

सगळे हसले. पंडितही हसला. आक्का मात्र हसली नाही. "मला एवढंच कळतं," ती म्हणाली, "की हे देवाने सांभाळायला दिलंय. शेजारणीने पोर सांभाळायला दिलं तर आपण त्याला उपाशी ठेवतो का?"

"मग तू का लावतेस हात?" लांब्याने विचारले.

आक्काने डब्याचे झाकण लावले. "मी एकटीने काढून काय होणार?"

रंगमास्तर या बोलण्यात पडत नसे. खाली मान घालून जेवे आणि शेवटी म्हणे, "ज्याचं त्याला भोगावं लागतंच." हे तो इतक्या समाधानाने म्हणे की जणू भोगणारा कोणी तिसराच होता. असे त्यांचे चार जणांचे चार विचार. ऐकताना मला वाटे, आज काही तरी होणार. मग घंटा होई आणि चारी विचारांचे हात येऊन एकाच ठिकाणी पडत.

कारखान्याचा मालक भाविक होता. गाळटाकीला नवा रंग दिला तेव्हा त्याने प्रार्थनाघराच्या वृद्ध उपदेशकांना बोलावले. ते बोलले फार सुंदर. मी त्यांना हसणार नाही, कारण त्यांचे मन स्वच्छ होते आणि शब्द खरे होते. ते म्हणाले, "हा ओढा, ही माती आपल्या मालकीची नाही. आपण राखणदार आहोत. मालक परत आला की तो आपल्याला स्तोत्रं म्हणायला लावणार नाही. तो विचारील, माझं पाणी कुठं आहे?" आक्काने डोळे पुसले. लांब्याने पुसले. सर्वांत जास्त रडला तो कारखान्याचा मालक.

जाताना उपदेशक माझ्यापाशी थांबले. "हे चाक कशाचं?"

"पाण्याचं," मुकादम म्हणाला. त्याने खोटे सांगितले नाही.

उपदेशकांनी आपला मऊ, उबदार तळवा माझ्यावर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "याच्यातून जाणारं पाणी सर्वांना सुखाचं होवो." मग ते निघून गेले. मी तडफडले. कुठले पाणी, एवढेच विचारा, एवढेच. पण लोखंडाला जीभ नाही, आणि चांगल्या माणसांना दुसरा प्रश्न विचारायची सवय नसते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई आली. दुपारची वेळ होती. हातात डबा नव्हता. एका हातात रोपांचा ट्रे, सगळी रोपे मुळापासून काळी पडलेली. दुसऱ्या हातात बाटली, तिच्यात तिच्या विहिरीचे पाणी. ते पाणी फिकट जांभळे होते. ट्रे तिने खाली ठेवला आणि तळवे उघडून दाखवले. कातडी सोलवटली होती.

"हा नळ ओढ्यात उतरतो," ती म्हणाली. "मी काठाकाठाने चालत आले. हे कोण उघडतं?"

मग लांब्या म्हणाला, "तसं कोणीच उघडत नाही, ताई."

"मी नुसता हात ठेवते," आक्का पुटपुटली.

"प्रश्न व्यवस्थेचा आहे," पंडित म्हणाला.

"असं?" ताई म्हणाली. "मग सगळे बाजूला व्हा. मी इथे बसते. व्यवस्थेने येऊन हे फिरवलेलं मला बघायचंय."

ती खरोखर बसली. माझ्यासमोर, मांडी घालून. सगळ्यांनी डबे झाकले. तिला तो पाच हातांचा प्रकार शेवटी रंगमास्तरनेच सांगितला, जमिनीकडे बघत. तिने सगळे ऐकून घेतले.

"मी मालकाकडे जात नाही, कचेरीत जात नाही," ती म्हणाली. "तुझी नोकरी गेली तर तू खाशील काय, हे मलाच बघावं लागेल. मला एवढंच दे. या पाचांतला तुझा हात काढ. पाच झाल्याशिवाय उघडत नाही म्हणतोस ना? मग झालं तर. माझी वाटिका गेली तर मी म्हातारपणी दुसरं काय करू? मला दुसरं काही येत नाही रे."

"काढला," रंगमास्तर म्हणाला. "तुझी शपथ, ताई. पुन्हा हात लावणार नाही."

त्याने हे मनापासून म्हटले. मी त्याच्या बाजूने साक्ष देईन.

पुढच्या वेळी घंटा झाली तेव्हा चौघेच आले. रंगमास्तर थोडा दूर, हात पाठीमागे बांधून उभा राहिला. "चौघंच आहोत," लांब्या म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटकाही होती.

मुकादमाने चष्मा पुसला. "पाच आहोत," तो म्हणाला. "उपदेशकांनी हात ठेवलाय की. तुमच्या डोळ्यांदेखत ठेवला. त्यांच्यापेक्षा मोठा हात कोणाचा?"

मी वाट पाहिली, मित्रांनो. मला वाटले, आक्का तरी काही म्हणेल. आक्काने हात जोडले, कपाळाला लावले, आणि मग त्यातला डावा माझ्यावर ठेवला. देवाला असेही वापरता येते, हे मला माहीत नव्हते.

पण मी हलले नाही. रंगाच्या वाफेने माझे आटे गंजले होते, पाच जणांनाच मी जड जात होते, चौघांना मुळीच दाद देईना. लांब्याने पाय भिंतीला रोवून जोर लावला. मी घट्ट. मला स्वतःचा अभिमान वाटला, आयुष्यात दुसऱ्यांदा.

मुकादम रंगमास्तरकडे वळला. "तू हात लावू नकोस," तो मायेने म्हणाला. "बहिणीला शब्द दिलायस, तो मोडायला मी सांगणार नाही. पण हे घट्ट बसलंय. यंत्रांना तेल घालणं तुझ्याचकडे आहे ना? तेवढं बघ. आज हौद मोकळा झाला नाही तर उद्यापासून निम्म्यांना घरी बसवा, असं मालक म्हणालेत."

रंगमास्तर उभा राहिला. मला आजवर त्याने कधी तेल घातले नव्हते, आणि ते विसरून नव्हे, असे मला वाटत असे. मग तो आत गेला आणि तेलाची बुधली घेऊन आला. माझ्या दांड्याभोवती, आट्यांमध्ये, बुधलीच्या टोकाने हळूहळू तेल सोडले. बोट माझ्या अंगाला लागू नये म्हणून केवढी काळजी घेतली त्याने. खोटे कशाला बोलू, मला सुख वाटले. गंज सुटत गेला आणि सगळ्या अंगाला आराम पडला. चौघांनी हात लावले आणि मी लोण्यासारखे फिरले. रंगमास्तर पाठ करून उभा होता.

ताई पुन्हा आली ती दुपारीच. या वेळी तिच्याजवळ रोपांची ढकलगाडी होती. गाडीत रोप एकही नव्हते. एक तांब्या होता आणि एक पेला.

"हात लावलास?" तिने विचारले.

"नाही ताई."

"खरंच नाही लावला, ताई," आक्का म्हणाली. "त्याने शब्द पाळला."

ताईने त्याचा हात धरून उलटा केला. तिचे डोळे अधू झाले होते, म्हणून तिने तो नाकाजवळ नेला. "तेल कसलं हे?"

"चाकाला घातलं," तो म्हणाला. "ते माझं कामच आहे."

ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने तांब्यातले पाणी पेल्यात ओतले आणि पेला त्याच्यापुढे धरला. "घे. पी."

रंगमास्तरने पेला घेतला. पाण्याचा रंग त्याला लगेच ओळखू आला. ओळखू येणारच, तो त्यानेच बसवला होता, उन्हाने उडणार नाही आणि धुऊन जाणार नाही असा. पेला तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "ताई, हे कोणी पितं का? तू घरी काय पितेस?"

"हेच," ती म्हणाली. "बाकीचं पाणी कुठून आणू?" आणि त्याच्या हातातून पेला घेऊन तिने तो सगळ्यांसमोर शांतपणे पिऊन टाकला. मग तोंड पुसले, पेला गाडीत ठेवला आणि जायला वळली.

रंगमास्तरच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. तो माझ्यावर तुटून पडला. दोन्ही हातांनी, एकटा. मी घट्ट बंद होईपर्यंत त्याने मला आवळले, मग पाना आणून माझा नट काढला आणि मला दांड्यावरून ओढून घेतले. मुकादम हळू आवाजात म्हणाला, "विचार कर." त्याने विचार केला नाही. मला ताईच्या ढकलगाडीत टाकले आणि गाडी ढकलत तो तिच्या मागोमाग कायमचा बाहेर पडला.

तुम्हाला वाटेल, आता चांगले दिवस आले. मलाही वाटले होते. पण चाक काढले तरी दांडा जागेवरच होता. दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा मुकादमाने तो पान्याने फिरवला. तेल घातलेलेच होते. एकाच माणसात काम झाले. हे आक्काने येऊन सांगितले. ती ताईच्या दाराशी बसून खूप रडली आणि मग कामाची वेळ झाली म्हणून उठून गेली.

डॉक्टरांनी ताईला सांगितले, आधी पाणी बदला. आता बदलून किती उपयोग, ते त्यांनी सांगितले नाही. तिच्या पोटाचे दुखणे राहिले ते राहिलेच. विहिरीवर फळ्यांचे झाकण घातले आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मला ठेवले. रंगमास्तर गावातून सायकलवर पाण्याचे डबे आणतो. तेवढे पाणी ताईपुरतेच असते. ती त्यातले निम्मे उरलेल्या रोपांना घालते, आणि त्यावरून दोघांची रोज वादावादी होते.

"ताई, हे तुझ्यासाठी आणतो मी."

"मला तोंड आहे, मी मागून घेईन. त्यांनी कोणाकडे मागायचं?"

तिला देवाधर्माचे बोलता येत नाही. प्रार्थनाघरातही ती फारशी जात नसे, रोपे उन्हात सुकतात म्हणून. राखणदार कोणाला म्हणतात हे मी या अंगणात पाहिले, तेही सगळे हातचे गेल्यावर.

आज सकाळी गावातल्या शाळेची मुले आली. वाटिका बंद करायची म्हणून ताईने उरलीसुरली रोपे फुकट वाटायला काढली आहेत. मुले माझ्यावर चढली, उतरली. रंगमास्तर झाकणाच्या कडेवर बसला होता. समोरचे दोन दात पडलेली एक मुलगी हातात रोप धरून त्याच्यापुढे आली आणि तिने विचारले, "आजोबा, ओढा असा कशाने झाला?"

रंगमास्तरने तिला सगळे समजावून सांगितले. कारखाना कसा वाढला, मालक कसा लोभी होता, मुकादम कसा धूर्त होता. कापडाला गिऱ्हाईक कसे असते, हेही सांगितले. काळच वाईट आला, म्हणाला. देवाची मर्जी, म्हणाला. मुलीने सगळे नीट ऐकून घेतले.

"आणि तुम्ही तेव्हा काय करत होतात?"

त्याने ताईकडे पाहिले. ताई डब्यात माती भरत होती. तिने मान वर केली नाही. याला आता तिथून मदत मिळणार नव्हती.

"मी चाकाला तेल घातलं," तो म्हणाला.

मुलगी विचारात पडली. "तेल घालणं चांगलं असतं ना?"

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की काही ना काही मागतात. मला पुसा, मला रंग द्या, मला फेकू नका. मला काही नको. मी गंजले तरी चालेल. खरे तर मी फार आधीच गंजायला हवे होते. तुम्ही विचारत जा, एवढेच मागणे आहे. कोणी केले असे विचाराल तर मोठ्या माणसांजवळ उत्तरे तयार असतात. देव, दैव, काळ, मालक. सगळी ऐकायला खरी वाटतात. तुम्ही त्यांना विचारा, तुम्ही तेव्हा काय करत होतात. आणि उत्तर आले की लगेच हलू नका, आणखी एक विचारा. हा दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून मी इथे आहे.

रंगमास्तरने अजून तोंड उघडलेले नाही. बाकीची मुले रोपे घेऊन फाटकाबाहेर पडली, बाईंनी दोनदा हाक मारली. ती मुलगी त्याच्यापुढे तशीच उभी आहे.